'येत नाही' आणि 'अशक्य'

इंग्रजीच्या तासाला गुरुजींनी प्रश्न विचारला, की पुष्कळ मुले उभी राहून म्हणतात, "आय कॅनॉट." हे उत्तर व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, परंतु माझ्या मते ते अपुरे आहे.

आपल्या मराठीत असमर्थता सांगण्याच्या किती तऱ्हा आहेत, पाहा. जो पोहावयास शिकला नाही तो म्हणतो, "मला पोहता येत नाही." दिवसभर शेतात राबलेली आजी म्हणते, "आता मला चालवत नाही." जखमी वासरू पाहून आपण म्हणतो, "मला हे पाहवत नाही." आणि आकाशातील चांदण्या हाताने तोडणे अशक्यच असते. पहिल्या ठिकाणी विद्येची उणीव आहे, दुसऱ्या ठिकाणी शक्तीची. तिसऱ्या ठिकाणी मन मागे सरते, तर चौथ्या ठिकाणी सृष्टीचा नियमच आडवा येतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'कॅनॉट' चालते. म्हणून ती भाषा दरिद्री ठरत नाही. 'आय डोन्ट नो हाऊ टु स्विम', 'आय ॲम टू टायर्ड टु वॉक', 'आय कॅनॉट बेअर टु सी इट', 'इट इज इम्पॉसिबल' असे निराळे प्रयोग तिच्यातही आहेत. मात्र ते योजण्यापूर्वी आपले नेमके कोठे अडले आहे, हे स्वतःला विचारावे लागते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. विनोबा भावे १९३२ साली वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहावयास आले. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी तेथे केला. त्यांना कातता उत्तम येत होते. रोज तासन् तास बसून कातण्याची चिकाटीही होती. तरीही त्या तुटपुंज्या मजुरीत पोटभर सकस अन्न मिळणे शक्य नव्हते. उणीव कातणाऱ्याच्या हातात नव्हती, मजुरीच्या दरात होती. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचे ठरविले. अडचण कोठे आहे हे कळले, म्हणजे उपाय कोठे करावा हेही कळते.

हेच विनोबा कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. ती भाषा त्यांना आधी येत नव्हती, इतकेच.

तेव्हा मुलांनो, इंग्रजीचा धडा कठीण वाटला, तर 'इम्पॉसिबल' म्हणू नका. "आय हॅव नॉट लर्न्ट इट येट," असे म्हणा. अजून शिकलो नाही, असा त्याचा अर्थ. 'अशक्य' म्हटले, की दार बंद होते. 'अजून येत नाही' म्हटले, तर ते उघडे राहते.