डोंगराएवढं चीज, गार सँडविच

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय: चीज ग्रिल सँडविच.

तुम्हीही हे पाहिलं असेल. कागदी प्लेट, त्यात सहा तुकडे केलेलं सँडविच आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. खाली ब्रेड आहे की नाही याचा पत्ता लागत नाही. वरून शेव, सॉसची नक्षी. पहिला घास घेतला की कळतं: चीज फ्रीजमधून आलं तसं गार, ब्रेड कडेनं करपलेला आणि आतला टोमॅटो मात्र जीभ पोळणारा. म्हणजे जे वितळायला हवं ते गार आणि जे गार असलं तरी चाललं असतं ते उकळतंय!

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रिल्ड चीज सँडविचमधलं चीज आत हवं आणि ते वितळलेलं हवं. वर पेरलेलं चीज ही कोथिंबीर झाली. कोथिंबिरीचे पैसे कोणी इतके घेत नाही.

एवढं तावातावानं लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो कुहीला असतो. आमच्या तालुक्यात वैनगंगेच्या काठी अंभोरा आहे, चैतन्येश्वराचं जुनं देवस्थान. 2024 मध्ये तिथला भंडाऱ्याकडे जाणारा मोठा पूल सुरू झाला आणि शनिवार-रविवारी नागपूरच्या गाड्यांची रीघ लागायला लागली. भाच्याला तिथे सँडविचचा गाडा लावायचा आहे. थोडे पैसे साठवलेत, थोडे उसने घेणार आहे. मागच्या रविवारी मेनू ठरवायला बसलो आणि वाद झाला.

तो म्हणाला, "मामा, लोकायले वरचं चीज पायजे. फोटो काढते ना लोकं!"

मी म्हटलं, "अरे, फोटो काढतील एकदा. दुसऱ्यांदा कशाला येतील?"

"आणि आत टाकलेलं दिसते कोनाले?"

खरं सांगायचं तर याला पटकन उत्तर सुचलं नाही. पण बग कुठे आहे हे मला माहीत होतं, म्हणून तवा चढवला.

आता थोडं शास्त्र. ब्रेड म्हणजे मैद्याच्या जाळीत कोंडलेली हवा. हवेतून उष्णता फार सावकाश जाते. ब्रेडचा पृष्ठभाग तांबूस, खमंग व्हायला 140 अंशांच्या वर तापमान लागतं. चीज सैल व्हायला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतं, पण तेवढी उष्णता ब्रेडमधून आत पोचायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर ब्रेड दीड मिनिटात काळा होतो आणि चीजपर्यंत बातमीसुद्धा पोचलेली नसते. मग आतलं चीज वितळत नाही म्हणून माणूस वरून आणखी चीज घालतो. आमच्या धंद्यात याला म्हणतात मूळ बग तसाच ठेवून वरून ठिगळ लावणं.

त्यात टोमॅटो, काकडी, बटाटा. भाज्यांतलं पाणी तापलं की वाफ होते, वाफ ब्रेडमध्ये शिरते आणि कुरकुरीतपणा गेला. मुंबईच्या व्हेज सँडविचबद्दल मला आदर आहे. बटाटा, बीट, हिरवी चटणी, तो एक स्वतंत्र आणि थोर पदार्थ आहे. पण म्हणून प्रत्येक सँडविचनं सगळीच कामं करायला हवीत असं नाही. एकच काम करावं आणि नीट करावं, हा युनिक्सवाल्यांचा जुना नियम तव्यालाही लागू आहे.

दुसरीकडे काही लोक प्रोसेस्ड चीज म्हटलं की नाकं मुरडतात. यांना परदेशी चेडर हवं. अहो, 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर आणि स्टेटलर या दोघांनी चीजमध्ये सायट्रेटचे क्षार घालून ते तापवलं, तेच मुळी तूप आणि प्रथिनं वेगळी होऊ नयेत म्हणून. मुरलेलं चेडर जास्त तापलं की तेल सोडतं. अमूलचा क्यूब सोडत नाही. त्याला तार सुटत नाही हे खरं. तार हवी तर थोडं मोझरेला मिसळा. फक्त पाकीट उलटं करून मागचं वाचा. वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते चीज नव्हे, चीजसारखं काहीतरी आहे. गाड्यावर गिऱ्हाइकाला पाकीट दिसत नाही, म्हणून ही जबाबदारी गाडेवाल्याची.

तर कृती. लोखंडी तवा, मंद आच. 25 ग्रॅमचे दोन क्यूब किसून घ्या आणि अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. आदल्या दिवशीचा ब्रेड उत्तम. चीज दोन स्लाइसच्या मध्ये, कडेपर्यंत, सारखं पसरा. आवडत असेल तर आतून भिवापुरी मिरचीचा ठेचा, बोटानं पुसल्याएवढाच. बाहेरून लोणी किंवा तूप, पातळ. तव्यावर ठेवून झाकण घाला. चार मिनिटं हात लावू नका, दाबू नका. उलटा आणि आता झाकण काढून तीन मिनिटं. झाकणानं उष्णता कोंडते आणि चीज वितळतं. काढल्यावर वाफ निघून जाते आणि ब्रेड कुरकुरीत होतो. मिनिटभर थांबून कापा.

आमची आई हे सगळं चुलीशेजारी बसून बघत होती. म्हणाली, "पोळीलेही तर असंच करतो ना आपन." च्यायला! माझं सगळं शास्त्र एका वाक्यात.

भाच्यानं खाल्लं. दुसरं मागितलं. पण हार मानली नाही. "सात मिन्टं कोन थांबते मामा? लाइन लागन ना."

हा मुद्दा मात्र माझ्या धंद्यातला निघाला. एका सँडविचला सात मिनिटं लागतात म्हणजे तासाला आठच होतात असं थोडंच आहे? डोशाचा मोठा तवा घेतला तर एका वेळी सहा बसतात. तासाला पन्नासच्या घरात. पहिल्या गिऱ्हाइकाला थांबावं लागेल, पण रांग सरकत राहील. आणि डोंगराला तीन-चार क्यूब जातात, इथे दोनच. वाचलेल्या पैशात तव्याचे पैसे निघतात.

आणि "आत टाकलेलं दिसते कोनाले" याचं उत्तर मला कापताना सापडलं. गिऱ्हाइकासमोर कापायचं. दोन अर्धे वेगळे करताना जे दिसतं त्याचा फोटो डोंगरापेक्षा वाईट येत नाही.

भाचा अजून विचार करतोय. परवा फोनवर म्हणाला की दोन्ही ठेवतो, लोकं कोणतं परत मागते ते पाहू. उसने पैसे त्याला फेडायचे आहेत, मला नाही, तेव्हा यावर मी काय बोलणार? पण डोशाचा तवा मात्र त्यानं बघून ठेवलाय.

असो. तुम्ही तरी पुढच्या वेळी डोंगर आला तर गाडेवाल्याला एवढंच विचारा: दादा, हे आत घालून देता का?