करणी नव्हे, प्रथिनाचा बिघाड

चांगली हसती-खेळती मुलगी. ‘आई’, ‘बाबा’ म्हणू लागलेली. वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास बोलणे थांबते, हातातले खेळणे सुटते आणि ती हात धुतल्यासारखे तळवे एकमेकांवर चोळत बसते. मग शेजारीपाजारी सुरू होतात. कोणी नजर म्हणतो, कोणी करणी, कोणी मागच्या जन्मीचे पाप. बोट शेवटी आईकडेच!

वाचकहो, या आजाराला ‘रेट’चा आजार म्हणतात. व्हिएन्नाच्या डॉ. आंद्रेआस रेट यांना १९५४ साली आपल्या दवाखान्यात दोन मुली सारखेच हात चोळताना दिसल्या. १९६६ साली त्यांनी त्यावर लिहिले. साधारण दहा हजार मुलींत एकीला तो होतो. कारण मात्र १९९९ मध्ये सापडले. अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. हुदा झोगबी यांच्या चमूने ते शोधले.

शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनएचे तेच दप्तर असते, पण सगळ्या फायली सगळीकडे उघडायच्या नसतात. काही ठिकाणी मिथाइल नावाची बारीक रासायनिक खूण असते. ‘मेकपी-२’ हे प्रथिन त्या खुणेला चिकटते आणि फाईल किती वाचायची यावर लगाम ठेवते. मेंदूच्या पेशींत ते भरपूर असते. ते बिघडले की हजारो फायलींचा कारभार थोडाथोडा चुकतो. जास्त झाले तरी चालत नाही. त्याचाही वेगळा आजार आहे, बहुधा मुलग्यांत. फायलीची जी नक्कल निघते ती आरएनए. तिला धरणारी प्रथिनेही असतात. त्यांतले ‘एफएमआरपी’ नसले तर ‘फ्रॅजाइल एक्स’ होतो. तो मात्र घराण्यातून येतो.

रेटचे तसे नाही. जनुकातला बदल बहुतेक वेळा नव्यानेच घडलेला असतो, आणि तोही बहुधा बापाच्या बीजात. म्हणून बापाला दोष द्यावा असेही नाही. पण सुनेला माहेरी धाडणाऱ्यांनी एवढे ऐकावेच.

२००७ साली एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेत आजारी उंदरांत हे जनुक पुन्हा चालू केले, तेव्हा ते पुष्कळ सुधारले. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. माणसांसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये एक औषध मंजूर झाले. त्याने काही लक्षणे कमी होतात, आजार जात नाही.

म्हणून मांत्रिकाकडे नको, मोठ्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या. निदान रक्त तपासून होते. फिट्स येतात का, पाठ वाकते का, यावर लक्ष ठेवा. व्यायाम चुकवू नका. आणि तिच्याशी बोलत राहा. हात साथ देत नसले तरी यांतल्या पुष्कळ मुली नजरेने सांगतात. भात आणि भाकरी दोन्ही समोर धरा, ती कशाकडे पाहते ते बघा, आणि तेच वाढा.