मामंजींची चेतक

मैत्रिणींनो, गेल्या वेळी आपण लोणच्याच्या बरण्यांबद्दल बोललो होतो. आजही माझ्या हाताला तेलच आहे, पण लोणच्याचे नव्हे. नखांतला काळेपणा लिंबाच्या सालीने गेला नाही, शेवटी बेसन आणि गोडेतेल चोळले तेव्हा कुठे वर्गात खडू धरता आला.

आमच्या अंगणात तीन वर्षे मामंजींची चेतक स्कूटर उभी होती. 1986 सालची. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागण्याचे ते दिवस! आकुर्डीच्या कारखान्यात 1972 पासून ही गाडी निघू लागली आणि राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन घरोघर गेली. आमच्याकडे हिच्यावरून बाळंतिणीही आल्या आणि मोसंबीच्या गोण्याही. पण तीन वर्षांपूर्वी वैशाखात अंबडहून येताना इंजिन जाम झाले ते झालेच. यंदा नोंदणीच्या नूतनीकरणाचे वर्ष. ह्यांचे म्हणणे, "चालत नाही ती गाडी पासिंगला न्यायची कशी? भंगारात देऊ, तुळशीला जागा होईल." मामंजी काहीच बोलले नाहीत. जेवण अर्धे टाकून उठले.

माझाही स्वार्थ होताच. माझी शाळा नऊ किलोमीटरवर, अर्ध्या दिवसाची नोकरी. आणि सीटरिक्षा भरेपर्यंत फाट्यावर उभे राहण्यात माझा तास जातो. पगाराचा केवढा भाग त्यात जातो ते तुम्हाला सांगायला नको.

मामंजींचे जुने मिस्त्री अजून आहेत, पण हात कापतो म्हणून त्यांनी काम सोडले आहे. ते म्हणाले, "ताई, मी खुर्चीवर बसून सांगतो. तुम्ही करा." चार रविवार त्यांनी असे काढले. मी चहा आणि पाने पुरवली. पाने म्हणजे खायची आणि नट खोलायचीही!

आधी हे इंजिन थंड कसे राहते ते समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. यात पाणी नसते. सिलिंडरभोवती लोखंडाची पातळ पाती असतात. गरम चहा आपण बशीत ओततो तो का? पसरला की लवकर निवतो. ही पाती म्हणजे सिलिंडरची बशी. पण स्कूटरचे इंजिन पडले आत, पत्र्याच्या पोटात, तिथे वारा कुठला? म्हणून मॅग्नेटवरच पंखा बसवलेला असतो आणि सिलिंडरवर काळे कव्हर असते. ते पंख्याची हवा बाहेर सांडू न देता पात्यांमधून नेते. जर्मनीची ती फुगीर फोक्सवॅगन बीटल मोटारही अशीच पंख्याच्या हवेवर चालायची. शेवटची बीटल 2003 साली मेक्सिकोत निघाली.

आमच्या गाडीची डिकी, म्हणजे उजवीकडचा पत्रा, काढला तर ते काळे कव्हरच नाही! मिस्त्री म्हणाले, "हे कुणी काढलं?" माजघरातून आवाज आला, "मीच काढलं होतं. उन्हाळ्यात फार तापायची, म्हटलं उघडं राहिलं तर हवा लागेल." आता सांगा, चुलीत हवा घालायची तर आपण फुंकणी घेतो की ती फेकून नुसतेच तोंडाने वारा घालतो? भरीला पात्यांत काळ्या रानाची माती आणि कापसाचे तंतू घट्ट बसलेले. मी काही बोलले नाही. मिस्त्रीही बोलले नाहीत. ह्यांनी मात्र त्या दिवसानंतर भंगाराचे नाव काढले नाही.

मागचा शॉकअब्सॉर्बर खालून सोडून इंजिन झुकवले, हेडचे चार नट काढले आणि सिलिंडर ओढला. पिस्टनवर उभे चरे पडले होते. जालना सळ्यांच्या कारखान्यांचे गाव, लेथवाल्यांना तोटा नाही. सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन आणला. मूळ बोअर 57 मिलिमीटर, आपल्या छोट्या वाटीएवढा. एवढ्या वाटीने माणसे आणि गोण्या वाहिल्या!

जोडताना माझ्या हातून चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. पिस्टनची पिन सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेचे बारीक लॉक असतात. ते बसवण्यापूर्वी खालच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबायचे असते. मिस्त्रींनी सांगितले होते. पण मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. लॉक टिचकी मारल्यासारखे उडाले आणि थेट इंजिनच्या पोटात. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. तसेच राहिले तर सगळे इंजिन खोलावे लागणार, आणि तेवढे पैसे घरात नव्हते. रात्रभर झोप नाही. सकाळी शाळेच्या विज्ञानपेटीतला पट्टीचुंबक मागून आणला, लांब पेचकस त्याला चिकटवला आणि आत फिरवू लागले. अर्ध्या तासाने 'टक्' झाले. ते लॉक परत वापरले नाही बरं का, नवेच घातले. जुने लॉक वापरूच नयेत.

बाकीचे भराभर झाले. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या तोंडाकडे. रिंगची टोके खोबणीतल्या खिळीशीच हवीत, नाहीतर सिलिंडर उतरताना रिंग तुटते. पॅकिंग नवे. हेडचे नट गोल क्रमाने नव्हे, फुली मारल्यासारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. आणि हो, काळे कव्हर! जुन्या बाजारात मिळाले.

पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-स्ट्रोकचे ऑइल घातले. घरातली खोकल्याच्या औषधाची मापटी त्यासाठी कायमची वेगळी केली. त्यावर लाल खूण करा, मुलांच्या हाती जाऊ देऊ नका. ऑइल विसरलात तर नवा पिस्टनही चिकटेल. धूर होतो हे खरे, पण मापापेक्षा ऑइल जास्त घातले तर तो आणखी होतो.

गाडी तिरकी केली, सरळ केली आणि किक मारली. सातव्या किकला आवाज आला. मामंजी काठी न घेताच दारात आले. कान लावून म्हणाले, "मिक्स्चरचा स्क्रू जरासा बाहेर घे."

पहिले हजार किलोमीटर सावकाश जायचे आहे, मधे थांबून इंजिन निवू द्यायचे आहे. माझ्या वहीत आज 412 झाले. पासिंग पुढच्या गुरुवारी आहे. गिअरची तार मात्र अजून ताठ आहे, ती या रविवारी बघते.