परदेशी उमेदवारी की नवी उचल?

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलीला जपान, जर्मनी किंवा डेन्मार्कहून इंटर्नशिपचे पत्र येते, तेव्हा वस्तीत पेढे वाटले जातात, बुद्धविहारात सत्कार होतो, मोबाईलवर निळ्या रंगातले अभिनंदनाचे फलक फिरू लागतात. सत्कार झालाच पाहिजे. ज्या जिल्ह्याला 2018 मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांच्या यादीत बसवले आणि त्याला 'आकांक्षित' असे गोंडस नाव दिले, त्या जिल्ह्यातली मुलगी परक्या मुलखात काम शिकायला निघते, ही साधी गोष्ट नाही. पण सत्काराचा हार सुकायच्या आत खरा प्रश्न उभा राहतो. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिकीट आणि पहिल्या महिन्याचे भाडे यासाठी पैसा कोठून आणायचा? आणि ज्या देशात ओळखीचे कुत्रेही नाही तेथे जाताना तिला चार शहाण्या गोष्टी सांगायच्या कोणी?

आज ते सांगतो एजंट. आमचे दुखणे नेमके येथे आहे.

शासनाने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती 2003 पासून आहे. तिच्यात 75 जागा आहेत. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती तर 1950 च्या दशकातली. या दोन्ही योजनांतून आमची मुले मोठमोठ्या विद्यापीठांत गेली आहेत. केंद्राने 2022 मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित समाजशास्त्रीय विषयांना या योजनेतून वगळले. म्हणजे आमच्या पोरांनी परदेशात जाऊन जातीवर संशोधन करू नये, अशी ही सोय! त्या निर्णयाचा समाचार घ्यायला वेगळा अग्रलेख लागेल. आज मुद्दा दुसरा आहे. या दोन्ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी.साठी आहेत. तीन महिने, सहा महिने, वर्षभर कामावर राहून शिकण्याची जी उमेदवारी असते, ती यांच्या चौकटीत बसत नाही. उंच माडीचा जिना बांधला, पण पहिली पायरीच घातली नाही, असा हा प्रकार आहे.

बाबासाहेबांना ही पहिली पायरी किती महत्त्वाची वाटत होती ते पाहा. जुलै 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती आल्यावर अवघ्या काही महिन्यांत, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद मागितली, त्याचबरोबर सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असेही बजावले. नुसत्या पदव्या घेऊन भागणार नाही, हाताला यंत्राची ओळख हवी, हे त्यांनी ओळखले होते. त्याच काळात 'बेविन योजना' चालू होती. ब्रिटनचे मजूर मंत्री अर्नेस्ट बेविन यांच्या नावाने 1941 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत हिंदुस्थानातले तरुण कामगार ब्रिटनमधल्या कारखान्यांत प्रशिक्षणासाठी जात. त्यांच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्च सरकार करी. महायुद्ध पेटलेले, समुद्रात पाणबुड्या फिरताहेत, अशा वेळी सरकार कामगाराच्या पोराला स्वखर्चाने बोटीत बसवत होते. आज विमाने आहेत, करार आहेत, कौशल्य विकासाचे स्वतंत्र खाते आहे. तरी कामगाराच्या पोराने तिकिटासाठी सावकाराचे दार ठोठवायचे? हा आमचा सवाल आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या वाचकांना 'उचल' म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या आगेमागे भूम, वाशी, कळंब, परंड्याकडची माणसे मुकादमाकडून उचल घेऊन कोयता बांधतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडात जातात. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आजारपण आले, बाळंतपण आले तरी नाही. पुष्कळदा हंगाम संपतो आणि उचल शिल्लक राहते. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. ही पिढ्यान् पिढ्यांची वेठ मोडावी म्हणून तर आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पोरांना शिकवले. आता तीच पोरे एजंटाला लाखांची रक्कम मोजून, त्यासाठी कर्ज काढून 'इंटर्न' म्हणून परदेशी निघाली, तर ही उचलच नव्हे काय? फड तेवढा बदलला.

हे आम्ही हवेत बोलत नाही. जपानची 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजना 1993 पासूनची. भारत तिच्यात 2017 च्या कराराने सामील झाला. प्रशिक्षण हे नाव, पण व्यवहारात ती स्वस्त मजुरांची सोय झाली, अशी टीका जगभरातून झाली. प्रशिक्षणार्थीला मालक बदलण्याची मुभा नव्हती, आणि व्हिएतनामसारख्या देशांतून आलेली अनेक मुले एजंटाच्या कर्जात बुडालेली असत. मालक बदलता येत नाही आणि कर्ज फिटत नाही, ही कहाणी आमच्या ऊसतोड्याला कोणी जपानी भाषेत सांगितली तरी समजेल! अखेर 2024 मध्ये जपानच्या संसदेनेच ही योजना मोडीत काढून नवी पद्धत आणण्याचा कायदा केला आणि ती 2027 मध्ये लागू करण्याचे ठरले. त्या देशाचा हा शहाणपणा आपल्या पोरांच्या कामी यायचा असेल, तर नव्या पद्धतीत कोणते हक्क मिळाले आहेत ते निघण्यापूर्वीच त्यांना मराठीत कळले पाहिजे.

जर्मनीचेही तेच. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि दहा हजार तरुण पाठवण्याच्या घोषणा झाल्या. घोषणेचे आम्ही स्वागत करतो. परंतु जर्मन भाषेचे वर्ग उमरग्यात, लोहाऱ्यात, परंड्यात कोण चालवणार? पुण्याला खोली घेऊन भाषा शिकण्याची ऐपत असलेल्यांनाच ही दारे उघडणार असतील, तर दहा हजारांत आमचे किती, हे सांगायला ज्योतिषी नको.

काही ठिकाणी चांगले घडलेही आहे. ज्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात धाराशिव येतो, त्या विद्यापीठाने जागतिक बँक व भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अर्थसाह्याच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून आपले विद्यार्थी परदेशी प्रशिक्षणासाठी पाठवले. खर्च प्रकल्पाचा, जबाबदारी विद्यापीठाची, एजंट नावाचा प्राणी मध्ये नाही. शेतकऱ्यांची, शेतमजुरांची मुले अशा रीतीने जाऊ शकतात हे सिद्ध झाले. यवतमाळची एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी तयार करते. तिचे संस्थापक राजू केंद्रे स्वतः 2021 मध्ये चिव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. म्हणजे वाट सापडते, वाटाड्या लागतो. आमच्या जिल्ह्यात वाटाडे नाहीत काय? तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मेली, घरे जळाली, त्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी एक टेबल, एक खुर्ची आणि एक जाणता माणूस बसवणे अवघड आहे काय?

त्या जाणत्या माणसाने सांगायचे ते फार गूढ नाही. पहिले म्हणजे शाळेचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला यांवरचे नाव अक्षरशः एक करून घ्या. आमच्या घरांत कोठे आडनाव बदललेले, कोठे बापाचे नाव अर्धेच लागलेले, आणि नेमका तेथेच पासपोर्ट अडतो. पासपोर्टची साधी फी 1500 रुपये आहे. त्यावर कोणी पाच-दहा हजार मागत असेल तर तो लुबाडतो आहे. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि त्याला 30,000 रुपये व त्यावरील कर यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही, हे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालचे नियम सांगतात. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो. 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तेथे गेल्यावर कामाचा करून देऊ' असे जो म्हणतो, त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नये. अशाच गोड शब्दांना भुलून देशातली कितीतरी तरुण मुले कंबोडिया आणि म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या छावण्यांत कोंडली गेली.

पत्र हाती आले की त्यात कामाचे तास, विद्यावेतन, राहण्याची सोय, विमा आणि देखरेख करणाऱ्या माणसाचे नाव आहे की नाही, ते पाहावे. जर्मनीत इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. स्वेच्छेची आणि तीन महिन्यांहून जास्त असेल तर लागू होतो. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत कामावरचे प्रशिक्षण आणले आहे. तेव्हा महाविद्यालय कोणत्या शब्दांत पत्र देते, यावर तिकडे हाती पडणारा पैसा ठरू शकतो. हे किती प्राचार्यांना ठाऊक असेल? आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवायला कधीही देऊ नये. तो भारत सरकारची मालमत्ता आहे, कंपनीची नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याशिवाय कोणी सांगणार नाही. परदेशी गेले म्हणजे जात सुटली, असे समजू नका. अमेरिकेतल्या सिएटल शहराला 2023 मध्ये जातीभेदावर बंदी घालणारा ठराव उगाच करावा लागला नाही. गोरा माणूस आडनाव विचारून गप्प बसेल. शेजारच्या टेबलावरचा देशबांधव 'मूळ गाव कोणते, घरी काय करतात' असे चार प्रश्न जास्त विचारील. उत्तर द्यायचे की नाही हा त्या मुलीचा अधिकार आहे, पण हा प्रश्न येणार हे तिला आधीच माहीत असावे. त्याचप्रमाणे तेथे आपली माणसेही आहेत. जपानच्या कोयासान विद्यापीठात 2015 पासून, अमेरिकेच्या मेरीलँडमध्ये 2023 पासून बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे, आणि त्याच्याभोवती जमणारे जयभीमवाले आहेत. पुतळ्यासमोर फोटो काढून गावाकडे धाडणे सोपे. विमानतळावर घ्यायला येणे, पहिले चार दिवस घरात ठेवून घेणे, कराराचा कागद वाचून दाखवणे, ही कामे परदेशातल्या आमच्या बांधवांनी अंगावर घेतली पाहिजेत.

22 वर्षांचा एक तरुण 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा त्याच्या वडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षे चाकरीचा करार, एवढी त्याची शिदोरी. त्यातूनही तो घरी पैसे पाठवत असे. हेच बाबासाहेब पुढे फेब्रुवारी 1941 मध्ये याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. त्या गावचे लोक आजही ती आठवण जपतात. वतनाच्या बेडीविरुद्ध जेथे आवाज उठला, त्या जिल्ह्यातून परदेशी कर्जाच्या बेड्या घालून पोरे जावीत, हे आम्ही मान्य करणार नाही.

म्हणून समाज कल्याण खात्याकडे आमची मागणी स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त संस्थेचे इंटर्नशिपचे पत्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि जाण्या-येण्याच्या तिकिटाचा खर्च निघण्यापूर्वी मिळाला पाहिजे. नंतर पावत्या जोडून मिळणारी प्रतिपूर्ती नको, कारण आधी खर्च करायला पैसा असता तर तुमच्या दारात कोण आले असते? पुण्याच्या बार्टीने देशवार माहितीच्या पुस्तिका मराठीत काढाव्यात आणि तालुक्या-तालुक्यांत फिरणाऱ्या समतादूतांच्या हाती द्याव्यात. शासकीय वसतिगृहांत जर्मन, जपानी भाषेचे वर्ग संध्याकाळी भरवावेत. इमारती आहेत, मुले तेथेच राहतात.

आणि शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. पगाराचा विसावा हिस्सा समाजाला द्यावा, असे आमचे अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर मंडळी जयंतीच्या व्यासपीठावरून सांगत असतात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला, तर एका मुलीचे तिकीट निघते. धाराशिव शहरातल्या जयंती मंडळांनी येत्या 14 एप्रिलच्या हिशेबात असा एक रकाना उघडावा. आम्ही त्या रकान्यातली रक्कम मंडळाच्या नावासह याच पानावर छापू.