न उडालेल्या काडतुसाची साक्ष

नेमबाजीच्या सरावात चाप ओढला, घोडा पडला आणि बार झालाच नाही, म्हणजे आपल्याकडील बहुतेक नेमबाजांचा रोष प्रथम काडतुसावर ओढवतो. ते काढून डब्यात टाकावे, दुसरे भरावे आणि पुढे चालावे, असा जणू दस्तुरच पडून गेला आहे. ह्या दस्तुराला माझा सक्त विरोध आहे, कारण न उडालेले काडतूस हा त्या प्रसंगाचा मुख्य साक्षीदार असतो आणि त्याची जबानी घेतल्यावाचून त्याला वाटेस लावले, की खरी कसूर कोणाची हे कधीच उमगत नाही.

अर्थात ह्या तपासणीत उतावळेपणा मुळीच चालावयाचा नाही. दारू कधी कधी किंचित विलंबाने पेटते. म्हणून नळी लक्ष्याच्याच दिशेला ठेवून, बोट चापावरून काढून, निदान ३० सेकंद स्वस्थ थांबावे आणि मगच मॅगझिन काढून स्लाइड मागे ओढावी. बार झाला, पण आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकल्याचा संभव असतो. अशा वेळी शस्त्र रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याची खात्री पटेपर्यंत पुढची गोळी झाडणे हा अक्षम्य अविचार होय.

२५ मीटर पिस्तूल स्पर्धेत जे पॉइंट टू टू काडतूस वापरतात, त्यातील ठिणगी देणारे रसायन बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ वळीत पसरलेले असते, आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. ते काडतूस उजेडात धरून कडेवरील ठसा नीट न्याहाळावा. ठसा खोल उमटूनही बार झाला नसेल, तर तेवढ्या जागी रसायन पोहोचले नसावे, म्हणजे दोष काडतुसाचा असावा. ठसा उथळ असेल तर मात्र संशय पिस्तुलाकडे वळवावा : घोड्याची स्प्रिंग थकली आहे काय, पिनेचे टोक झिजले आहे काय, की पिनेच्या मार्गात काजळी आणि घट्ट झालेले तेल साचले आहे? आणि तेच काडतूस दुसऱ्या आघाताला निमूट उडाले, तर पुष्कळदा चेंबरमध्ये शिसे, मेण आणि काजळी यांचा थर जमलेला सापडतो. पहिल्या आघाताचे बळ काडतूस आत ढकलण्यातच खर्ची पडलेले असते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम ह्या बाबतीत कठोर आहेत, आणि मला ते न्याय्य वाटतात. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीस अवघे ३ सेकंद मिळतात. पिस्तूल अडले तर ते लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून खेळाडूने मोकळा हात वर करावयाचा असतो. पंचांच्या तपासणीपूर्वी त्याने यंत्रणेला हात लावला, किंवा वाजवी दक्षतेने टाळता आले असते अशा कारणाने बिघाड झाला असे ठरले, तर तो बिघाड अमान्य होतो. सर्वच बिघाड हयगयीचे नसतात हे खरे. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात मनू भाकर हिची सुमारे २० मिनिटे पिस्तुलाच्या बिघाडात गेली आणि अंतिम फेरी केवळ २ गुणांनी हुकली. परंतु २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत हिला २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण बरोबरी फोडण्यासाठी पुन्हा गोळ्या झाडूनच मिळवावे लागले. जेथे निकाल इतका अटीतटीचा, तेथे टाळता येण्याजोगा एकही फुसका बार कोणत्या हिशेबाने परवडावा?

असे असता आपल्या संस्थांत उभे राहणे, श्वास आणि चाप यांचे शिक्षण कसोशीने दिले जाते, आणि पिस्तुलाची निगा मात्र शस्त्रागार सांभाळणाऱ्याच्या गळ्यात टाकली जाते. शस्त्र उघडणे मुलांना धोक्याचे, हा त्यावरील आक्षेप मी ऐकला आहे. परंतु मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी व बोटाने रिकामे असल्याचे पाहून, काडतुसे दुसऱ्या मेजावर ठेवून, प्रशिक्षकासमक्ष केलेल्या सफाईत धोका तो कोणता? स्प्रिंग बदलणे वा चापाची यंत्रणा उकलणे हे परवानाधारक कारागिराचेच काम राहो. चिंधी शक्यतो चेंबरकडून तोंडाकडे सारावी, ती पांढरी निघेपर्यंत थांबू नये, चेंबर कोरडे पुसावे, तेलाचा हात नुसता फिरवावा. अधिक तेल म्हणजे अधिक संरक्षण, ही समजूत मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात गंजाच्या भीतीने बळावते; पण ते जादा तेल पिनेच्या मार्गात उतरून काजळी धरून ठेवते. शेवटी साबणाने हात धुतल्यावाचून खाण्याच्या पदार्थाला स्पर्श करू नये, कारण त्या काजळीत शिसे असते.

प्रत्येक जिल्हा संस्थेने नव्या खेळाडूला पहिले काडतूस देण्याआधी एवढी सफाई त्याच्या हातून करवून घ्यावी, आणि प्रत्येक पिस्तुलामागे एक नोंदवही ठेवून बार न झालेल्या काडतुसाचा ठसा, त्याची खेप आणि सफाईची तारीख त्याच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावी.