मावळात मते कोणी खाल्ली?

2019च्या लोकसभा निकालानंतर वंचित बहुजन आघाडीवर 'मते खाल्ल्या'चा शिक्का मारण्यात आला. पुनावळ्याच्या चहाच्या टपरीवर तो आम्हालाही ऐकावा लागला. म्हणून मावळचा हिशेब मांडतो. शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांनी राष्ट्रवादीच्या पार्थ पवारांना 2 लाख 15 हजारांहून अधिक मतांनी हरवले. वंचितचे राजाराम पाटील तिसरे. त्यांची मते सुमारे 75 हजार. ती सगळीच्या सगळी पवारांच्या पदरात टाकली, तरी 1 लाख 40 हजारांची तूट उरतेच. मग खाल्ले कोणी?

सोलापुरात बेरीज वेगळी होती. तेथे बाळासाहेब आंबेडकरांना मिळालेली 1 लाख 70 हजार मते सुशीलकुमार शिंदेंच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती, हे आम्ही नाकारत नाही. पण ही मते आधीच कोणाच्या सातबाऱ्यावर चढली होती काय? जागावाटपाच्या वेळी आठवण नाही आणि निकालाच्या दिवशी मालकी हक्क, हा न्याय आम्हा वकिलांना कोणत्याही कायद्यात सापडलेला नाही.

मताची किंमत बाबासाहेबांनी पराभवातून शिकवली. 1952 साली मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना सुमारे 14 हजार मतांनी पाडले. द्विसदस्यीय मतदारसंघ, प्रत्येकाला दोन मते. हजारो मते कुजवली गेल्याची तक्रार बाबासाहेबांनी व अशोक मेहतांनी केली होती. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत आपल्याच कार्यकर्त्यांनी सुचवले, एक मत तुम्हाला देऊ, दुसरे कुजवू. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून सुमारे 8 हजार मतांनी हरले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुनावळ्याहून पवना ओलांडली, रावेत-किवळे मागे टाकले की ते विहार येते.

मात्र आरोप खोटा ठरला म्हणून आपला कारभार चोख ठरत नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते नाहीत तर अनामत जप्त, हा कायदा आहे आणि पाटील त्या रेषेपासून फार दूर राहिले. 2024 मध्ये माधवी जोशी यांना 30 हजारांचाही टप्पा गाठता आला नाही. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक मते गेली कोठे? बारणे यांचा विजय तेव्हाही सुमारे 96 हजारांचा होता, म्हणजे 'मते खाल्ली' म्हणायला पुन्हा जागा नव्हती. पण आपल्याला हे विचारायला कोणी टपरीवाला लागू नये. उमेदवार अर्ज भरण्याच्या आठवड्यात ठरतो, बूथवर बसायला माणूस मिळत नाही, निकालानंतर कार्यालयाला कुलूप लागते.

चाकण-हिंजवडीच्या कामावर आलेले आपले कितीतरी लोक पुनावळे-ताथवड्यात भाड्याने राहतात. त्यांची नावे अजून लातूर, नांदेड, परभणीच्या यादीत आहेत. पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो. तो घेऊन या खोल्यांवर कोण जाणार, हे आपल्या शाखांनी या महिन्याच्या बैठकीत ठरवावे.