चाळीस दगड, एकेचाळीस किलोमीटर

माझे अब्बा कळमनुरीत किराणा दुकान चालवत. दुकानातल्या लोखंडी वजनांच्या बुडाला शिशाचा ठिपका असे आणि त्या शिशावर वजनमापे खात्याचा शिक्का. एखादं गिऱ्हाईक तराजूकडे संशयाने बघू लागलं की अब्बा रागावत नसत. वजन उचलून उलटं करत, शिक्का त्याच्यापुढे धरत आणि म्हणत, "बघून घे बाबा." तेव्हा मला वाटायचं, एवढं खाली का यायचं? आता कळतं, ते खाली येणं नव्हतं. मापावर शंका घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, हे ते मान्य करत होते.

ही आठवण यायला कारण झालं घरात आलेल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीचं. गाडी चांगली आहे. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलपंपावर रांग नाही. तक्रार गाडीची नाही, तिच्या काट्याची आहे. काटा म्हणायचं ते सवयीने, खरं तर पडद्यावर आकडे दिसतात.

पहिल्याच महिन्यात भाच्याच्या लक्षात आलं की गाडी 80 दाखवते तेव्हा मोबाईल 76 सांगतो. रस्ता सरळ, आकाश मोकळं, वेग एकसारखा. अशा वेळी उपग्रहावरून मोजलेला वेग सहसा चुकत नाही. तो म्हणाला, "मामू, गाडी खोटं बोलते."

मी थोडं वाचलं, तेव्हा कळलं की वेगाच्या बाबतीत गाडी मुद्दाम जास्त बोलते, आणि ते योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा वाहननियम युरोपात आणि इतर अनेक देशांत चालतो. त्यानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त मात्र दाखवता येतो: खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक 4 किलोमीटर, इथपर्यंत. म्हणजे गाडी खरोखर 70 ने धावत असताना 81 दाखवलं तरी चालतं, 69 दाखवलं तर चालत नाही. टायर नवा की झिजलेला, हवा कमी की जास्त, यावर आकडा हलतो. तो हललाच तर माणसाचा जीव वाचेल अशा बाजूला हलावा, हा विचार त्यामागे आहे. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 च्या पुढे इशाऱ्याची पिपाणी वाजते. माझ्या गाडीत ती चार किलोमीटर आधीच वाजते, एवढंच. वाजू द्या.

भाच्याने मात्र यातून उलटा अर्थ काढला. "म्हणजे 100 दिसले तरी आपण 95 वरच असतो ना?" मी त्याला म्हटलं, बेटा, ही सूट रस्त्याने तुला दिलेली नाही. उद्या टायर बदलला, थोडा मोठा बसवला, की हा फरक पुसून जाईल आणि तुझी सवय तेवढी उरेल.

खरा प्रश्न पुढे आहे. वेग दाखवणं वेगळं आणि अंतर मोजणं वेगळं. चाकांच्या किंवा मोटरच्या फेऱ्या मोजल्या जातात, चाकाचा घेर किती हे गाडीच्या संगणकात आधीच लिहून ठेवलेलं असतं आणि दोन्हींच्या गुणाकारातून किलोमीटर निघतात. 215/60 आर 16 या मापाचा टायर घ्या. त्याचा घेर 2 मीटर 9 सेंटीमीटरच्या आसपास येतो. एका किलोमीटरला सुमारे 480 फेरे. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. ती झिजून 1.6 मिलिमीटरवर आली की व्यास जवळपास 13 मिलिमीटरने घटतो. चाक लहान झालं, फेरे वाढले, पण संगणकातला घेर तोच राहिला. तेवढ्याने मीटर सुमारे 2 टक्के जास्त मोजू लागतो. वेगाच्या आकड्यात सुरक्षेसाठी जी भर घालतात, ती अंतरात घालायला मात्र काहीच कारण नाही. अंतर जास्त मोजल्याने कोणाचा जीव वाचत नाही.

म्हणून एका रविवारी आम्ही मोजायचं ठरवलं. आमच्या जिल्ह्यातून 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड असा. एका दगडापाशी मीटर शून्यावर आणला आणि चाळीस दगड मोजले. भाचा गाडी चालवत होता, मी वहीत रेघा ओढत होतो. चाळिसाव्या दगडाला मीटरवर 41.0 होते. परत येताना 40.9. मोबाईलने दोन्ही वेळा चाळीसच्या आसपास सांगितलं. टायर नवे, हवा कंपनीने सांगितली तेवढी. दगड थोडे मागेपुढे रोवलेले असू शकतात, आणि एका गाडीवरून सगळ्या गाड्यांवर बोट ठेवता येत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या गाडीपुरता हिशेब झाला: शंभराला अडीच जास्त.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, एवढं टॉलरन्समध्ये येतं." मी विचारलं, किती येतं ते कुठे छापलंय? त्याने गाडीसोबतचं पुस्तक चाळलं, मग माझ्याकडे बघून हसला. त्याचा दोष नाही. त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

अडीच टक्क्यांनी काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. मीटर अडीच टक्के पुढे असेल तर ती मर्यादा खऱ्या 1 लाख 56 हजारांनाच संपते. सुमारे 3,900 किलोमीटर न धावताच खर्ची पडले. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरीच, आणि तिचीच वॉरंटी या आकड्याला बांधलेली. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी हाच आकडा बघतं. एका युनिटमध्ये गाडी किती धावली, ही फुशारकीही याच आकड्यावर उभी आहे.

आणि हा फटका गाडीवाल्यापुरता राहत नाही. आपल्याकडे गाडी भाड्याने ठरते ती किलोमीटरच्या भावाने. घरात कोणी गंभीर आजारी पडलं की नांदेड, तिथे जमलं नाही की छत्रपती संभाजीनगर. जाऊन येऊन पाचशेच्या घरात किलोमीटर होतात. मीटर अडीच टक्के जास्त मोजत असेल तर बारा किलोमीटरचे पैसे त्या कुटुंबाने न झालेल्या प्रवासाचे दिले, तेही गाडीवाल्याच्या मनात खोट नसताना. शहरातल्या रिक्षाचा मीटर वैधमापन खातं तपासतं, त्याला सील लावतं. पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप मागून आपण खात्री करू शकतो. आमच्या वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद बाजारात आली की शेतकरी काट्यावरून नजर हटवत नाही आणि अर्ध्या किलोसाठी भांडतो. ज्या आकड्यावर लाखोंची वॉरंटी आणि हजारोंचं भाडं ठरतं, त्या ओडोमीटरवर मात्र कोणाचाच शिक्का नाही.

हे प्रश्न इतरत्र विचारले गेले आहेत. अमेरिकेत ग्राहकांनी होंडावर दावा लावला होता की मीटर अंतर जास्त मोजतो. कंपनीने तडजोड केली आणि 2002 ते 2006 च्या मॉडेलांच्या वॉरंटीतली अंतराची मर्यादा 5 टक्क्यांनी वाढवून दिली. 2025 मध्ये कॅलिफोर्नियात टेस्लाच्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल तसाच दावा झाला. कंपनीने आरोप नाकारला. खरं कोण, हे तिथलं न्यायालय बघेल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गिऱ्हाइकाने माप तपासून मागितलं.

चूक माणसाकडून होते, यंत्राकडूनही होते. पण चूक खरीच चूक असेल तर ती कधी इकडे पडेल, कधी तिकडे. हजार गाड्या मोजा. निम्म्या थोड्या पुढे आणि निम्म्या थोड्या मागे निघाल्या तर मी टॉलरन्स हा शब्द आनंदाने मान्य करीन. सगळ्या एकाच बाजूला झुकल्या तर त्याला दुकानदारीच्या भाषेत दुसरा शब्द आहे. कुरआनच्या 83 व्या सूरहचं नावच मापात खोट करणाऱ्यांवरून पडलं आहे. माप लिटरचं असो की किलोमीटरचं, जबाबदारी तीच.

माझं मागणं फार नाही. ओडोमीटरमध्ये किती फरक चालतो, तो आकडा गाडीच्या पुस्तकात छापा. ऑस्ट्रेलियात महामार्गालगत 'स्पीडो चेक'चे खांब असतात. ठरावीक अंतरावर रोवलेले, चालकाने आपला मीटर पडताळून बघावा म्हणून. तसा काटेकोर मोजलेला दहा किलोमीटरचा पट्टा आमच्या 161 वर हिंगोली आणि कळमनुरीच्या मध्ये आखता येईल. दोन पाट्या आणि एकदाची मोजणी, एवढाच खर्च. आणि किलोमीटरवर भाडं घेणाऱ्या गाड्यांचा ओडोमीटर वर्षातून एकदा वैधमापन खात्याने त्या पट्ट्यावर तपासावा.

तोवर तुम्ही तुमच्यापुरतं करा. टायरमध्ये सांगितलेली हवा भरा, एखाद्या सकाळी चाळीस दगड मोजा, आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. उद्या वॉरंटीच्या काउंटरवर ती वही कामाला येईल की नाही, ठाऊक नाही. पण अब्बांचं वजन उलटं करून बघता येत होतं. या पडद्याला बूडच नाही, म्हणून वही तरी हवी.